कधीच नाही

परिपत्रक कोपनहेगनहून आलं, एकही कॉफीचा डाग नसलेलं:
पासवर्ड नव्वद दिवसांचा, इशारा सात दिवस आधी,
वर दोन आठवड्यांची सवलत, मग कुलूप.
जो गेला, त्याचं खातंही जावं.
मी मान हलवली. नियम वाईट नाही.

तोर्सहाव्न, जून, रात्रीचे अकरा, तरी खिडकीत उजेड.
वारा पत्रे चाचपतोय, एखादा तरी सैल सापडेल म्हणून.
मी एकेक नाव घेते. चेज, वजा मोठा एम, नव्वद. एंटर.
मासळी विभागाची बेइंता. एंटर.
हंगामी पोरगा ओली याकूप,
याला वजा मोठा ई, ऑगस्टअखेर. एंटर.
यंत्र काही बोलत नाही.
हुकूम बरोबर असला की ते गप्प असतं,
चुकलं तरच तोंड उघडतं,
माझ्या सासऱ्यांसारखं.

मग हानुस.

वजा छोटा एल. यादी उलगडते.
पासवर्ड शेवटचा बदलला: बारा एप्रिल दोन हजार सहा.
पासवर्डची मुदत: कधीच नाही.
खात्याची मुदत: कधीच नाही.

हानुस मार्चमध्ये निवृत्त झाला.
केक कापला, किल्ल्या मोजून टेबलावर ठेवल्या;
सातवी कशाची, ते त्यालाही आठवेना.
आता ग्योग्वला मेंढ्या राखतो.
नाव तेवढं इथे राहिलं, दार सताड उघडं टाकून.

फाईलच्या आत तारखा नसतात.
नुसते दिवसांचे आकडे,
एक जानेवारी एकोणीसशे सत्तरपासून मोजलेले,
जणू त्याआधी कुणाला उजाडलंच नव्हतं.
हानुसपुढे तेरा हजार दोनशे पन्नास.
खातं मिटवायचं तर मुदतीच्या रकान्यात एक लिहायचं.
एक, म्हणजे दोन जानेवारी सत्तर.
बारा वर्षांचा हानुस तेव्हा वडिलांच्या होडीत
गारठल्या बोटांनी गळाला आमिष लावत असेल,
आणि यंत्राच्या लेखी तो त्याच दिवशी संपला.

वजा मोठा ई, एक. एंटर.
यंत्र गप्प.

सकाळी पडद्यावर भरतीची रेघ
आदल्या मध्यरात्रीपर्यंत वर, खाली, वर,
आणि पुढे कोरं.
खिडकीतून पाहिलं. समुद्र होता.
नोंदवहीत एकच ओळ: खात्याची मुदत संपली, काम नाकारलं.
अठरा वर्षं रोज रात्री बाराला
हानुसच्या नावाने एक छोटी आज्ञावली उठायची,
धक्क्याखालच्या मापकाला आकडे विचारायची,
लिहून ठेवायची आणि झोपायची.
त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं.
आमची भरती ती काय, जेमतेम वीतभर;
पण बेटांच्या पलीकडे तीच दोन पुरुष चढते,
आणि लोक तिच्या भरवशावर होड्या सोडतात.

फोन लावला. मागे कोकरं ओरडत होती.
"बंद केलंस होय मला?" हानुस हसला.
"बरं केलंस. पासवर्ड बापाच्या होडीचं नाव होता.
अख्ख्या बंदराला माहीत."
मग जरा थांबून,
"कालचे आकडे गेले?"
मापक आठवडाभर पोटात ठेवतो, मी म्हटलं, भरून काढीन.
"हं."
एवढंच. फोन त्याने ठेवला नाही,
मीही नाही. थोडा वेळ कोकरंच बोलली.

दुपारी नवं खातं उघडलं, माणसाचं नव्हे.
पासवर्ड नाही, उंबरा नाही,
आत शिरून बसायला जागाच नाही,
रात्री बाराचं काम तेवढं.
मुदतीच्या रकान्यात वजा एक:
कधीच नाही.

परिपत्रकात यालाही कलम आहे. अपवाद, कारण नमूद करा.
चौकट दोन बोटांची.
लिहिलं, खोडलं, परत लिहिलं:
दिवसातून दोनदा येते.